केळुसकर मॅडमचा संशय

प्रा. सुलभा केळुसकर यांना मी प्रथम पाहिले ते टेबलाच्या पलीकडे. मुलुंडच्या आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागात सहायकाची जागा निघाली होती. मी उमेदवार आणि मॅडम विभागप्रमुख. त्यांनी मला घुबडाविषयी बोलायला सांगितले. मी छाती पुढे काढून म्हणालो, "घुबडाची मान पूर्ण गोल फिरते."

"पूर्ण? तुम्ही पाहिलंत?"

"वाचलंय, मॅडम."

"पाऊण फिरते. त्याला डोळे आपल्यासारखे इकडेतिकडे हलवता येत नाहीत, म्हणून मान वळवावी लागते. स्वतः खात्री केल्याशिवाय वर्गात काही सांगू नका, परब."

'वर्गात' हा शब्द ऐकला तेव्हा कळले, की जागा मला मिळाली आहे.

मॅडमच्या अध्यापनाविषयी या ग्रंथात इतर सहकारी अधिकाराने लिहितीलच. मी लिहिणार आहे ते त्यांच्या संशयी स्वभावाविषयी. गौरवग्रंथात हा शब्द खटकेल, पण त्यांना ओळखणारे हसून मान डोलावतील. शहामृग वाळूत डोके खुपसते असे कोणी म्हणाले, की मॅडम लगेच विचारत, "मग श्वास कुठून घेतं?" ते जमिनीतल्या घरट्यातली अंडी चोचीने फिरवत असते, म्हणून लांबून तसे दिसते, हे त्या नंतर सांगत. आधी समोरच्याला नीट अस्वस्थ करत.

हा संशय कोरडा नव्हता. आम्ही भांडुपला कौलारू घरात राहत होतो तेव्हा माझ्या आईने धसका घेतला होता. "माळ्यार कोण तरी चलता," असे ती सारखी म्हणे. शेजारी चोर म्हणत, कोणी आणखी काही म्हणत. मॅडम एका सकाळी स्वतः आल्या, साडी खोचून शिडीवर चढल्या आणि बियांनी भरलेली विष्ठा कागदावर घेऊन खाली उतरल्या. "उदमांजर आहे. फळं खातं आणि ठरलेल्या जागीच घाण करतं. पिल्लं आहेत, मोठी झाली की जाईल. आई, तोवर त्याला तुमचा भाडेकरू समजा." पिल्ले जाईपर्यंत त्या अधूनमधून आईची विचारपूस करायला येत राहिल्या.

पुढे मॅडम आणि मी एकाच सोसायटीत राहायला आलो. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. मागची भिंत ओलांडली की जंगल. आता जे सांगणार आहे ते तिथे घडले. ते मी लिहावे असा आग्रह आमचे सचिव मोहन दळवी यांनीच धरला, म्हणून लिहितो.

दळवींच्या शाळकरी मुलीचे, ईराचे, लाडू नावाचे कुत्र्याचे पिल्लू एका दुपारी नाहीसे झाले. संध्याकाळी मागच्या बागेत त्याचा निळा पट्टा सापडला आणि शेजारच्या चिखलात पंजाचे ठसे दिसले. रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर बिबट्या फिरू लागला. कुठल्या तरी पार्किंगमध्ये चालणाऱ्या बिबट्याचा व्हिडिओ आमच्याच पार्किंगचा म्हणून आला. बागेतली खेळणी ओस पडली. मागचे फाटक उघडे कोणी ठेवले, यावरून बोट गेले ते राखणदार राजारामकडे. तो बिबट्याला कोंबडीचे पाय घालतो, इथपर्यंत बोलणे पोहोचले. लिफ्टमध्ये माणसे एकमेकांकडे निरखून बघू लागली.

सभा बोलावली गेली. राजारामला काढायचे आणि वनखात्याकडे पिंजऱ्याची मागणी करायची, असे दोन ठराव होते. मॅडम उठल्या. "चिखलातल्या ठशांना नखं उमटली आहेत. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. ते ठसे कुत्र्याचे आहेत."

"म्हणजे इथे बिबट्या नाहीच ना?" कोणीतरी विचारले.

"असं मी म्हटलेलं नाही," असे म्हणून त्या खाली बसल्या.

सभेत गलका झाला. "मॅडमना माणसांपेक्षा जनावरं प्यारी," असेही एक जण मागून बोलला. ठराव रविवारपर्यंत पुढे ढकलले गेले, एवढेच.

खरे सांगायचे तर मलाही मॅडमविषयी शंका येऊ लागली होती. निळा पट्टा त्यांनी मागून घेतला होता आणि कोणाला दाखवत नव्हत्या. दुसऱ्या सकाळी त्यांनी मला मागच्या भिंतीशी नेले. पलीकडच्या एका झाडाच्या बुंध्यावर उभे ओरखडे होते. काही जुने, काही ताजे.

"मॅडम, हा तर बिबट्याच!"

"मादी असावी. निदान गेल्या वर्षापासून इथून ये-जा करते. ते झाड म्हणजे तिची दारावरची पाटी आहे."

"आणि तुम्ही सभेत बोलला नाहीत?"

"बोलले असते तर पिंजरा आजच लागला असता. तिला उचलून नेलं की ही जागा रिकामी होते आणि दुसरा येतो. तो नवखा, त्याला इथली माणसं, वाटा, वेळा काहीच ठाऊक नसणार. ही आपल्याला टाळायला शिकलेली आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "परब, ज्याचं पिल्लू गेलं तो माणूस सभेत एक शब्दही का बोलला नाही?"

त्या संध्याकाळी त्यांनी दळवींना चहाला बोलावले आणि मलाही बसवून घेतले. टेबलावर पट्टा ठेवला.

"दळवी, हा तुटलेला नाही. रक्त नाही, दाताची खूण नाही. बकल उघडलेलं आहे. बिबट्या मान पकडून भक्ष्य उचलतो, पट्ट्यासकट. बकल काढायला अंगठा लागतो."

दळवींनी पट्टा उचलला, बकल लावले आणि पुन्हा उघडले.

"लाडू जिवंत आहे ना?" मॅडमनी हळू आवाजात विचारले.

"बदलापूरला आहे. मित्राच्या घरी." त्यांना रडू फुटले. "आईचा दमा वाढला होता. डॉक्टर म्हणाले, घरात केस नकोत. ईराला सांगायची हिंमत झाली नाही. मित्राला मागच्या फाटकाशी बोलावलं, लाडू पळून गेला असं वाटावं म्हणून पट्टा झुडपात टाकला. मग कोणीतरी बिबट्या म्हणून ओरडलं आणि मला वाटलं, सुटलो. मॅडम, वाट लागली हो सगळ्याची."

"तुमची नाही लागली. राजारामची लागतेय."

"ईरा मला माफ नाही करणार."

"कदाचित नाही करणार. पण बाप खोटं बोलला हे तिला आज कळलं, तर तो रडत खरंही बोलला हेही कळेल."

"तुम्हीच सांगा ना सभेत."

"नाही. सांगायचं तुम्ही. मी शेजारी बसते."

रविवारी त्या खरोखरच त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. दळवींचे बोलणे पुरे होईपर्यंत त्यांचा हात दळवींच्या खुर्चीच्या पाठीवर होता. शिव्या पुष्कळ पडल्या. दळवींनी राजारामची सर्वांसमोर माफी मागितली. ठराव बारगळले. मग मॅडमनी उभे राहून झाडावरचे ओरखडे जाहीर केले आणि मादीच्या वावराविषयी सांगितले. कचरा झाकला नाही तर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मागे दिवे लावा, संध्याकाळनंतर मुलांना एकटे सोडू नका. या वेळी लोकांनी ऐकले.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. राजारामकडे तिरक्या नजरेने बघणारी एकदोन माणसे अजूनही आहेत. ईरा वडिलांशी बरेच दिवस बोलली नाही; मग मॅडमच तिला बदलापूरला घेऊन गेल्या. आज ती प्राणिशास्त्र शिकते आहे आणि प्राध्यापकांना प्रश्न विचारून भंडावते, असे दळवी अभिमानाने सांगतात.

यंदा मॅडमच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. भेटायला गेलो तर त्या पलंगावर मढ गावाचा नकाशा पसरून बसल्या होत्या. तिथल्या कांदळवनात कोल्हे दिसतात, असे मासळी सुकवणाऱ्या बायकांनी त्यांना सांगितले आहे. मॅडमचा अर्थातच पूर्ण विश्वास बसलेला नाही. चालता आले की भल्या पहाटे वर्सोव्याहून खाडी ओलांडणाऱ्या पहिल्या तरीने पलीकडे जायचे, हे त्यांनी ठरवून टाकले आहे आणि मला बरोबर येण्याचा हुकूमही सोडला आहे.

मॅडम, तुमच्या गुडघ्यांत लवकर बळ येवो. दुर्बिणीमागची नजर अशीच तीक्ष्ण राहो. चिखलातून चालायला तुम्हाला अजून पुष्कळ निरोगी वर्षे मिळोत, आणि ते कोल्हे तुम्हाला अगदी जवळून दिसोत. आम्ही तुमच्या मागून येतोच आहोत.