पाच घमेली खडी

चैत्रातला सोमवार. लातूरहून नांदेडला जाणारी सकाळी साडेआठची एस.टी. आम्ही चौघं होतो: मी, माझी पत्नी, माझी आई आणि आठ महिने अकरा दिवसांची आमची मुलगी. आईच्या पदराच्या गाठीत दोनशे एक रुपये, माळेगावच्या खंडोबाला बोललेल्या नवसाचे. एवढं मी नक्की सांगू शकतो. पुढं जे घडलं त्याचा अर्थ मला नक्की सांगता येत नाही, म्हणून मी तो लावत बसणार नाही. जसं घडलं तसं लिहितो.

त्या काळात मी मस्कतला होतो. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर. खडीच्या गाड्या यायच्या, त्यांचं वजन लिहून घ्यायचं आणि पावतीवर सही करायची, हे माझं काम. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आम्हाला मुलगी झाली. ती पोटात असतानाच आईनं इकडं लातूरजवळ आमच्या मुरुड गावी परस्पर नवस बोलला होता, की लेकराचं जावळ माळेगावला काढीन आणि लेकराच्या वजनाएवढा गूळ देवापुढं वाटीन. मला पत्रातून कळवलं तेव्हा मी हसलो होतो. देवावर माझा राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. जे मोजता येतं, लिहिता येतं, त्यावर मी चालत आलो होतो. मुलगी दोन महिन्यांची असताना पत्नीला टायफॉइड झाला, अंगावरचं दूध गेलं आणि लेकरू डब्याच्या दुधावर आलं. तेव्हापासून किती चमचे पावडर, किती पाणी, किती वाजता, किती प्यायली हे सगळं मी वहीत लिहीत असे. स्टोअरमधला ताणकाटा घरी आणून दर शुक्रवारी तिला झोळीत घालून तोलत असे. पत्नी म्हणायची, "अहो, ती सिमेंटची गोणी नाही." पण तिलाही त्या वहीचा आधार वाटायचा.

गावी निघताना मी यादी केली. दुधाचे अकरा डबे, चार बाटल्या, दोन थर्मास, तापाचं औषध, तीन डझन लंगोट, तो ताणकाटा. निघायच्या दिवशीचं वजन सात किलो चारशे. यादीत पाणी नव्हतं. मस्कतला समुद्राचं गोडं केलेलं पाणी नळाला येई, त्याचा कधी विचारच करावा लागला नाही. आणि वाळवंटातून आपल्या गावी जाणारा माणूस पाणी कशाला बांधून नेईल? लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. माझ्या पासपोर्टावर अजून जुनाच जिल्हा होता. घरून येणाऱ्या पत्रांत दोन बातम्या हमखास असत, नव्या जिल्ह्याची कचेरी कुठं झाली आणि पाऊस कसा पडला नाही. मी दोन्ही सारख्याच वाचल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी मुरुडला पोचलो. आडातल्या पाण्याला बादली टेकत नव्हती. टँकर एक दिवसाआड यायचा, आणि मधल्या दिवशी शेजारच्या बोअरचं पाणी. मी ते पाणी दहा मिनिटं उकळून दूध केलं. मुलगी अर्धी बाटली प्यायली आणि तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं, पाणी नीट उकळलं नसेल. म्हणून वीस मिनिटं उकळलं. तेही तिनं थुंकलं. शनिवारी तिला दोनदा, रविवारी सहा वेळा पातळ शी झाली. मी अर्धा अर्धा तास पाणी उकळत राहिलो, भांड्यात निम्मंच उरायचं. रविवारी संध्याकाळी सहानंतर तिनं बाटली तोंडाला लावू दिली नाही. चमच्यानं घातलेलं साखर-मिठाचं पाणी ओठांतून बाहेर येई. सोमवारी पहाटे मी तिला तोललं. सहा किलो सातशे. टाळू आत गेली होती. लंगोट रात्रीपासून कोरडा होता.

लातूरला उतरलो तर लेकरांचे डॉक्टर बाहेरगावी गेलेले. तिथल्या कंपाउंडरनं मुलीकडं एकदा पाहिलं आणि वेळ न घालवता नांदेडला न्या म्हणाला. मोठं दुखणं म्हणजे नांदेड, अशीच तेव्हा आमच्या भागाची रीत होती. माळेगाव त्याच रस्त्यावर आहे, म्हणजे बस एकच. आई म्हणाली, आधी माळेगावला उतरू, देवाचं देणं थकलंय म्हणून लेकरू आटत चाललंय. मी म्हणालो, मला आता देवाचं नाव नको, सरळ दवाखाना. आईनं पदराची गाठ मुठीत धरून ठेवली. पत्नी खिडकीकडं तोंड करून बसली होती. दोघींना मी दुखावलं आहे हे मला कळत होतं.

अहमदपूर सोडल्यावर मुलीचं रडणं थांबलं. रडत होती तोवर मला धीर होता. आता ती नुसती डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती. मी चमचा तिच्या ओठाला लावत होतो आणि पाणी तिच्या गळ्यावरून ओघळत होतं. मला माझ्या हाताकडं पाहवेना. मी चमचा खाली ठेवला. मनात एवढंच आलं, की आता माझ्याच्यानं होत नाही, तुझं तू बघ. कुणाला म्हणालो ते त्या वेळी मला ठाऊक नव्हतं. हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत.

त्यानंतर पाच-सात मिनिटांत गाडी थांबली. रेडिएटरची नळी फुटली होती, पाणी सगळं रस्त्यावर. घड्याळात दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. ड्रायव्हर म्हणाला, मागच्या गाडीला निरोप देतो, तास-दीड तास तरी लागेल. मला त्या नळीचा इतका संताप आला की मी गाडीच्या पत्र्यावर मूठ मारली. बाहेर झाडं नव्हती. एक बाभूळ होती, आणि तिच्याखाली दुष्काळी कामावरच्या बाया बसल्या होत्या. रोजगार हमीचं रस्त्याचं काम होतं. प्रत्येकीपुढं तिनं फोडलेल्या खडीचा ढीग, आणि फांदीला धडुत्याची झोळी. गाडीत भट्टी झाली होती म्हणून आम्ही त्याच सावलीला गेलो.

झोळीजवळ बसलेल्या एका बाईनं हातोडा थांबवला. पंचविशीची असेल. तिनं मुलीकडं पाहिलं आणि विचारलं, "कवापून पिली न्हाई?" पत्नीनं सांगितलं, काल सांजपासून. तिनं बाटली मागून घेतली, दोन थेंब तळहातावर टाकून चाटले आणि तोंड वाकडं केलं.

"खारट हाय की ओ हे. किती उकळायलाव?"

मी सांगितलं, अर्धा तास.

"पानी आटतंय दादा, मीठ कुठं आटतंय? समदं खाली ऱ्हातंय. मोठ्या मानसाला पिववंना, लेकरू कसं पिईल?"

मी शिकलेला माणूस. नऊ वर्षं मालाची नोंद केली, घट किती, शिल्लक किती. उकळल्यानं पाणी घटतं आणि क्षार शिल्लक राहतात, हे मला त्या बाभळीखाली कळलं. वर त्याच पाण्यात मी मीठ-साखर घालत होतो. माझ्या मुलीला मीच, काळजीनं, वेळा लिहून ठेवून, तहानेलं ठेवलं होतं.

त्या बाईनं हात पदराला पुसले आणि पुढं केले. "आना इकडं. माझं धा महिन्याचं हाय, दोघांना पुरतंय." मग तिचं लक्ष माझ्या आईच्या हातातल्या भंडाऱ्याच्या पुडीकडं गेलं आणि तिनं हात तसेच थांबवले. "आमी बौद्ध हाव, मावशी. चालतंय का बगा. लेकरू तुमचं हाय."

हे लिहायला मला जड जातं, पण खरं ते लिहिलं पाहिजे. आई क्षणभर थांबली. मीही थांबलो. परदेशात कुणाच्याही ताटाशेजारी जेवलेला मी, एक शब्द बोललो नाही. माझी पत्नी मात्र थांबली नाही. उठली आणि मुलगी तिच्या मांडीवर दिली. मग आई पुढं होऊन तिच्याजवळ बसली आणि उन्हाच्या बाजूनं आपला पदर धरला. ज्या पदराला नवसाची गाठ होती तोच.

मुलीनं आधी तोंड फिरवलं. सहा महिने बाटलीवर वाढलेली. बाईनं घाई केली नाही. दुधाचे थेंब तिच्या ओठांवर पिळत राहिली आणि तिच्याशी बोलत राहिली, "घे की माय, लई मानाची पाव्हनी तू. इमानातून आलीस, आन् हितं आमच्या खडीत येऊन बसलीस." चौथ्या-पाचव्या खेपेला मुलीनं ओठ हलवले. मग तिनं धरलं. तिच्या गळ्याचा घुटक घुटक आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता. मी तिकडं पाठ करून उभा राहिलो. बघणं बरं नव्हतं म्हणून, आणि मला रडू आवरत नव्हतं म्हणूनही.

थोडं पाजून थांबायची, पुन्हा पाजायची. मध्ये तिचं स्वतःचं पोरगं झोळीत उठलं, त्यालाही दुसऱ्या बाजूला घेतलं. तिची सासू शेजारच्या ढिगावर खडी फोडत होती, ती पुटपुटली, "सुमन, आज मोजमाप हाय. मुकादम यायलाय. तुझा ढीग कमी भरंल बग." सुमन म्हणाली, "भरू दे कमी, आत्याबाई. खडी कुठं रडायलीय?" बाया हसल्या. तिनं कंडक्टरला हाक मारून आमचा थर्मास दिला आणि बायांसाठी विहिरीवरून आणलेल्या पिंपातलं पाणी भरून घ्यायला सांगितलं. ते पाणी गोडं होतं. कामावरच्या बायांचं दिवसभराचं मोजकं पाणी होतं ते.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी लंगोट ओला झाला. आईनं तो हातात घेतला आणि डोळ्यांना लावला.

मी खिशातून पन्नासाची नोट काढली. सुमननं नोटेकडं पाहिलंही नाही. "दुदाचं पैसं घेत्यात का, दादा?" मी म्हणालो, तुझा तास-दीड तास गेला, ढीग कमी पडेल, त्याचे घे. तेव्हा ती हसली आणि हातोडा माझ्याकडं सरकवला. "मंग तेवढी खडी फोडा की."

मी बसलो. मस्कतला हजारो टन खडीवर सह्या केल्या होत्या, पण हातानं एक दगड फोडला नव्हता. पहिला घाव बोटावर बसला. सासू म्हणाली, "दगडाला मारा सायेब, तो काय दुबईचा न्हाई." मग तिनंच दाखवलं, दगड पायानं कसा धरायचा, शिरेवर घाव कसा घालायचा. मी बूट काढून बसलो होतो. तळहाताला चार फोड आले. मुकादम येईपर्यंत पाच घमेली झाली. सुमननं ती तिच्या ढिगावर ओतली. मुकादमानं फरा म्हणजे मापाची चौकट लावून मोजलं, वहीत लिहिलं आणि तो पुढच्या ढिगाकडं गेला. माझ्याकडं त्यानं दोनदा वळून पाहिलं.

नळी बदलून गाडी सुरू झाली तेव्हा मी आईला म्हणालो, माळेगावला उतरू. आई म्हणाली, "नको. आधी नांदेड. देव कुठं पळून चाललाय?" दोघांनीही आपापला हट्ट सोडला होता, आणि कुणी कुणाला जिंकलं नव्हतं. नांदेडला डॉक्टरांनी मुलीला दोन रात्री ठेवून घेतलं, सलाइन लावलं. थर्मासातल्या पाण्याचं दूध ती प्यायली. इथं पोचेपर्यंत काहीच पोटात गेलं नसतं तर अवघड होतं, एवढंच ते म्हणाले. मी त्यांना बाभळीचं सांगितलं. ते म्हणाले, त्या बाईला माझा नमस्कार सांगा.

बुधवारी माळेगावला जावळ काढलं. देवळापुढच्या दुकानात तागडीच्या एका पारड्यात मुलीला आणि दुसऱ्यात गूळ घातला. सात किलो शंभर. आईनं मुलीच्या कपाळाला भंडारा लावला, मग माझ्या. त्या दिवशी मी देवापुढं उभा राहिलो, पण काही मागितलं नाही. मागायचं ते बसमध्ये झालं होतं, आणि ते कुणी ऐकलं हे मला विचारावंसं वाटलं नाही. नळ्या फुटतच असतात. बाभळीखाली बाया बसलेल्याच असतात. पण मी चमचा खाली ठेवल्यावरच माझ्या मुलीला दुसऱ्याच्या हातांत जाता आलं, एवढं मला दिसतं. तोवर मी तिला घट्ट धरून बसलो होतो.

अर्धा गूळ देवळात वाटला. उरलेला आईनं धडप्यात बांधला आणि म्हणाली, हा तिथं नेऊ. परतीच्या बसमधून आम्ही त्या बाभळीशी उतरलो. सुमन तिथंच होती, ढीग नवा होता. आईनं गुळाचा खडा पुढं केला. सुमननं हात मागं घेतला. "आमी देवाचं घेत न्हाई, मावशी. राग मानू नका."

आई म्हणाली, "देवाचा अर्धा देवळात दिला, माय. हा लेकीच्या वजनाचा हाय."

सुमननं माझ्या मुलीकडं पाहिलं. ती तिच्याकडं झेपावत होती. "लेकीचा हाय व्हय? मंग द्या," ती म्हणाली, आणि खडा दातानं फोडून आधी आपल्या पोराच्या तोंडात घातला.

हिशेब असा. साडेतीन किलोच्या वर थोडा गूळ माळेगावच्या देवळात. उरलेला साडेतीन किलो रस्त्याच्या कामावर, बावीस बायांना आणि त्यांच्या लेकरांना. दोनशे एक रुपयांतून गूळ, न्हावी आणि नारळ, बाकी देवाच्या पेटीत. पाच घमेली खडी सुमनच्या ढिगात. दुधाचं काही दिलं नाही. ते तिनं घेतलं नाही.