पाटलाच्या बंडीखालचं कुत्रं

त्या पाटलाचा राग मला अजून येतो. तो मरून कितीतरी वर्षं झाली, तरी येतो.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. कापसाच्या हंगामात बाबा अकोटच्या एका जिनवर, सरकी काढायच्या कारखान्यात, हमालीला जायचे. आमचं खेडं जवळच होतं. दुपारी मी त्यांची भाकर घेऊन जायची. फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची ही लांब रांग लागलेली असे आणि बंड्यांखालच्या सावलीत गावोगावची कुत्री झोपत. त्या दिवशी रांग एकदम पुढे सरकली आणि भरल्या बंडीचं चाक एका तांबड्या कुत्र्याच्या मागच्या पायावरून गेलं. ते असं केकाटलं की बैलही बिचकले.

बंडीवर आमच्याच गावचा पाटील बसला होता. आजूबाजूला ढीगभर गडी उभे होते, पण त्याला दिसले ते भाकर घ्यायला फाटकाबाहेर आलेले बाबाच.

"अबे, हे उचल अन् नाल्यात फेकून दे."

गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्या माथी होतं. दीक्षेनंतर सगळ्या वस्तीने ते सोडलं आणि गावाने आमच्यावर डूख धरला. पाटलाला हे ठाऊक नव्हतं थोडंच! मुद्दाम बोलला तो.

"मेलेलं उचलणं सोडलं आमी, पाटील," बाबा म्हणाले. "पण हे तं जितं हाय." आणि खांद्यावरचा दुपट्टा अंथरून त्यांनी कुत्र्याला उचललं.

घरी माय तापली. "लेकरायच्या तोंडात दुधाचा थेंब नाई, अन् तुमी कुत्र घेऊन आले!" तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच तिने जुन्या टोपलीच्या बांबूच्या कमच्या सोडवल्या, पायाभोवती कापूस गुंडाळला आणि लुगड्याची पट्टी फाडून सगळं घट्ट बांधलं. कुत्रं पट्टी कुरतडायचं, म्हणून ती वरून कडुनिंबाचा पाला वाटून लिंपायची.

हाड जुळलं, पण कुत्रं पाय टेकवेना. मग रोज सकाळी बाबा त्याच्या पोटाखालून दुपट्टा घालून मागचा भाग उचलून धरायचे आणि त्याला गल्लीतून चालवायचे. लोक फिदीफिदी हसायचे. "नातवाले चालाले शिकवून राहिला काय बे?" मी दगड घेऊन त्यांच्या मागे धावायची. आता धावता येत नाही, नाहीतर आजही धावले असते.

हरभरा घाट्यावर आला तोवर ते लंगडत का होईना, चारही पायांवर पळायला लागलं. अनोळखी माणूस दिसला की वस्ती डोक्यावर घ्यायचं. ही कीर्ती पाटलाच्या कानावर गेली असावी, कारण एक दिवस तो दोर घेऊन आमच्या दारात हजर.

"माहं कुत्र हाय थे. हरभऱ्याच्या राखणीले पाह्यजे."

म्हणजे ते त्याचंच होतं! स्वतःचं कुत्रं जितंजागतं नाल्यात फेकायला निघाला होता हा माणूस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण माझ्याआधी माय पुढे झाली. ती त्याच्याच शेतात कापूस वेचायला जायची.

"तुमचं होतं तं तवा उचललं काहून नाई?"

"उद्यापासून वेचणीले येऊ नको," पाटील म्हणाला, आणि त्याने कुत्र्याला चुचकारलं.

आणि ते गेलं. शेपूट हलवत, पोट जमिनीला घासत, मायने बांधलेल्या त्याच पायाने गेलं आणि पाटलाच्या जोड्यांपाशी लोळू लागलं. पाटील हसला. ते हसणं मला आजही सहन होत नाही.

दोर गळ्यात पडायच्या आत बाबांनी कुत्र्याला उचललं. "तुमी त्याले फेकाले सांगतलं होतं ना? नाल्यात गेलं समजा." एवढं म्हणून ते आत आले, माय आणि मीही आलो, आणि बाबांनी दार लावून घेतलं.

बाहेर पाटील आईमाईवरून शिव्या देत होता. आत कुत्रं त्याचाच आवाज ऐकून दाराशी कुंईकुंई करायला लागलं. मायचं काम गेलं ते या बेइमानासाठी! मी चुलीजवळचं लाकूड उचललं. बाबांनी माझं मनगट धरलं.

"मारू नको त्याले. सवय हाय थे. माह्या बापाची मरेपर्यंत गेली नाई."

माझा हात तसाच वर राहिला. कुत्रं दार खरवडतच होतं.