लेसरआधीचे तीन आठवडे

शरदकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवत होते. महिना झाला. तेव्हापासून नाशिकच्या द्वारका चौकातून जाताना त्यांच्या चष्म्याच्या दुकानाकडे बघायचं मी टाळते. वडिलांचे हे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं काचा घासल्या. माझा नंबर माझ्यापेक्षा त्यांनाच पाठ होता.

माझ्या दोन्ही डोळ्यांना सिलेंडरचा, म्हणजे एकाच दिशेने नजर बिघडवणारा, मोठा नंबर. बिनचष्म्याने उभी रेघ बरी दिसायची, आडवी फिसकटायची. चष्मा लावून कबड्डी खेळता येत नाही, म्हणून मी लेन्स घालायची, आणि मैदानावरची धूळ तिच्याखाली जाऊन डोळे टोचायचे. दोन हजार सालाच्या सुमारास नाशकात लेसरच्या पाट्या दिसू लागल्या आणि मी हट्टच धरला.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. लॅसिकमध्ये बुबुळावरच्या पडद्याचं पातळ झाकण कापून उचलायचं, खाली लेसर मारायचा, झाकण परत बसवायचं. दुसऱ्याच दिवशी दिसायला लागतं. पीआरकेत झाकण नाही, वरची साल खरवडून थेट लेसर. चार दिवस डोळ्यांची आग आग होते, नजर बसायला महिने लागतात. मला अर्थातच लॅसिक हवी होती.

"शुभे, तुझ्या खेळात कोपर डोळ्यावर बसतं," काका म्हणाले. "झाकण हललं तर?"

डॉक्टरांनीही मान डोलावली. म्हणजे पीआरके, आणि तिचं दुखणं माझ्या वाट्याला आलं. भीती तर होतीच... दिसायचंच बंद झालं तर? जेवतानाही हाच विचार, आंघोळ करतानाही हाच.

डोळे मोजण्याआधी तीन आठवडे लेन्स बंद, असं बजावलेलं. लेन्सने पडद्याचा आकार दबतो. मी दोन आठवडे पाळलं. मग देवळाली कॅम्पला सामने लागले आणि आठवडाभर रोज घातली. कोणाला पत्ता लागू दिला नाही.

मोजणीचा कागद काकांनी माझे नंबर लिहिलेल्या दुकानातल्या जुन्या वहीशेजारी ठेवला. दोन्हीकडचे आकडे बोट ठेवून ताडून बघितले.

"उजव्याचा अक्ष, सिलेंडरचा कोन, बारा अंश फिरलाय. दहा वर्षांत दोन अंशही हलला नव्हता. लेन्स घातलीस?"

मी नाही म्हणाले. ते चिडले नाहीत, हेच वाईट होतं.

"नंबर थोडा चुकला तरी माणूस पाटी वाचतो. अक्ष चुकला तर पायरी तिरकी दिसते. आणि लेसरने चुकलेलं मला घासून नीट करता येणार नाही."

मी रडले आणि सगळं खरं सांगून टाकलं. काका मला डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि माझ्याच तोंडून वदवून घेतलं. तारीख पुढे गेली. पुन्हा तीन आठवडे. रोज सकाळी ते आमच्याकडे चहाला येत आणि चष्मा नाकावर आहे ना, ते बघून जात. यावेळी अक्ष वहीशी जुळला.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी मला बसवूनच डोळ्याच्या कडेला शाईची खूण केली, कारण आडवं झालं की डोळा किंचित फिरतो. माझे हातपाय गार पडलेले आणि काका बाकावर पेपर वाचत बसलेले. मला खरंच राग आला होता त्यांचा. "घाबरायचं काय त्यात, हे लोक रोज करतात," एवढंच म्हणाले.

चार दिवस सोसले. मग हळूहळू रेघा सरळ झाल्या. पुढे सहा वर्षं खेळले.

परवा दुकान आवरताना काकूने माझ्या हातात एक डबी ठेवली. आत कोरा चष्मा, दुसऱ्या मोजणीचा, माझ्या नंबरचा. सोबत काकांच्या अक्षरात चिठ्ठी: 'शुभा. ऐनवेळी नको म्हणाली तर.'

"त्या दिवशी खिशात घेऊन बसले होते," काकू म्हणाली. "आठवडाभर धड जेवले नव्हते."

मी तो चष्मा चढवला. काकू, भिंत, दार, सगळंच पुसट झालं.

"काढ गं, डोळे दुखतील," ती म्हणाली.

मी तो बराच वेळ काढला नाही.