काळे मणी सोडून

माझा नवरा मेला, त्याला आज एक वर्ष झालं.

"आजी, ऐसा नहीं लिखते. निधन हुआ, लिखते हैं."

ही माझी नात, जुई. मी बोलून राहिली, ती मोबाइलवर टाइप करून राहिली. मले अक्षर येत नाही. पण निधन मोठ्या लोकांचं होते, एवढं मले समजते. आमचे हे तर शाळेत मास्तर होते.

मेला लिही.

सोबत फोटो टाकला आहे. माझ्या गळ्यातली निळी माळ पाहा. दुकानातली नाही. ह्यांनी बनवली. रिटायर झाल्यावर, शौक म्हणून.

आता ऐका. ह्या माणसाले जन्मभर चहाचं आधण ठेवता आलं नाही. गॅस पेटवा म्हटलं, तर काडी हातात धरून मलेच हाक मारायचे.

अन् तो माणूस सत्तरीत आगीपुढे बसला!

जुईनं नवा रायपुरात कुठल्याशा वर्कशॉपला नाव टाकलं होतं. काचेचे मणी बनवायला शिकवतात म्हणे. हे, म्हणजे तिचे आबा, तिले सोडायला गेले अन् स्वतःच शिकून आले. पोट्टी कंटाळली, आबा अडकले.

"आजी, मैं बोर नहीं हुई थी. एग्ज़ाम थे मेरे."

हव, लिही तसं.

पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी, मागच्या अंगणात टेबल लागलं. त्याच्यावर टॉर्च, म्हणजे गॅसची बारीक, सुसाट ज्योत. एका हातात काचेची कांडी, दुसऱ्या हातात सळई. ज्योतीत धरली की काच पाकासारखी होते. तो पाक सळईवर गुंडाळायचा अन् सळई फिरवत राहायची. हात थांबला की मणी एका बाजूले लटकलाच.

डोळ्यावर जांभळा चष्मा. अंगात बनियन.

मी म्हटलं, "अहो, मोहल्ल्यातले लोक विचारून राहिले, मास्तरांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं काय?"

"त्यांले म्हण, हव."

पहिला मणी झाला, अन् शहाण्यानं तो कुठं बुडवला?

माझ्या पिण्याच्या माठात.

टक्कन वाजलं. मण्याचा चुरा, माठभर काच.

"अवं, थंडच तर करायचा होता!"

"एवढं समजत नाही? मास्तर होते ना जी तुम्ही?"

"गणिताचा."

मग राखेचा डबा आला. गरम राखेत मणी पुरायचा अन् हळूहळू निवू द्यायचा. घाई केली की तडा. हे डब्याजवळ मुकाट बसून राहायचे. जेवायले वाढायला उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारा माणूस, मण्यासाठी कसा शहाण्यासारखा थांबायचा!

हात बसला मग. मधाच्या रंगाचे मणी, जांभळाच्या रंगाचे, पोटात फूल असलेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले मी वाण म्हणून तेच वाटले. समता कॉलोनीतली एक बाई उजेडात धरून पाहते अन् विचारते, "आंटी, कहाँ से मँगवाया? बाहर का है क्या?"

मी म्हटलं, "बाहर का नहीं. अंदर का है. वो देखो, लुंगी पहन के बैठा है."

ह्यांचे कान लाल झाले. बायका गेल्यावर ताटात तिळाचा लाडू मी जास्तीचा वाढला. तोंडानं कौतुक करायची माझी सवय नाही.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजायचं.

मले काळे मणी पाहिजे होते. माझ्या मंगळसूत्रात घालायले, त्यांच्या हातचे.

"काळे मले जमत नाही."

खोटं! सुनेच्या पोतीसाठी बनवले. शेजारच्या दीदीच्या पोरीच्या लग्नात दिले. काळेभोर, गोल, एकासारखा एक.

"त्यांले जमतात, मले काहून नाही?"

"कोणताही रंग सांग. काळे सोडून."

मी रुसली. बोलणं बंद केलं. त्यावर त्यांनी ही निळी माळ आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

"ही घाल. काढू नको."

घातली. पण सुनावलंच. "जगाले काळे, अन् बायकोले निळे!"

ते हसले नुसते.

गेल्या वर्षी, आजच्याच दिवशी सकाळी, टेबलापाशी बसल्या बसल्याच गेले. टॉर्च पेटवलीही नव्हती.

घरात बायका जमल्या. जावेनं रीतीप्रमाणे कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढलं. मी मान खाली घालून बसली होती. मग तिचा हात निळ्या माळेकडे आला.

थांबला.

"ह्यात तर काळं काहीच नाही," ती दुसरीले म्हणाली. "राहू दे तिच्या गळ्यात."

तेव्हा मले समजलं.

जे काढून घेतात, ते त्यांनी मले दिलंच नाही.

गणिताचा मास्तर. उत्तर आधीच काढून बसला होता, अन् मी आपली भांडत होती.

तेरावं झाल्यावर मी जुईले म्हटलं, "ती टॉर्च लाव. मले शिकव."

"आजी, हाथ जल जाएगा."

"चुलीवर जन्म गेला माझा. लाव."

शिकली. माझे मणी अजून लटकतात. पण माठात एकही बुडवला नाही, हे लिही.

आज सकाळी राखेतून एक काढला. दोऱ्यात ओवला अन् ह्यांच्या फोटोले घातला. चंदनाचा हार नाही, फुलं नाही. एकच मणी. वाकडा. काळा.

जाऊ म्हणते, "अवं, माणसाच्या फोटोले काळा मणी कोणी घालते काय?"

मी घालते.

माझे काढले ना, आता तुम्ही घाला जी.

जुई म्हणते, शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहावंच लागते. लिही बाई.

पण त्याच्या खाली हे लिही: मास्तर, माळ गळ्यात आहे. काढली नाही.