अर्धा सूर खाली

माझा थोरला भाऊ एकेकाळी रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा, हे आता त्याच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही. एका खोलीत एकटाच राहतो. घरात एक कप, एक ताटली. मी दुसरा कप नेऊन ठेवला तर म्हणतो, "कुणासाठी गं?" असा राग आला मला!

बँडचा गायक म्हणजे दादाचा जिवाभावाचा मित्र. उतारवयात त्याचा आवाज वर पोहोचेना. दादाने चकार शब्द न काढता गिटारच्या तारा अर्धा सूर खाली उतरवल्या. बाकीच्यांनीही मुकाट्याने तेच केलं. लोक म्हणायचे, काय गळा आहे अजून! गायकाने ओळखलं असणारच, पण तोही कधी बोलला नाही.

मग तो गेला आणि बँड मोडला. कंपनीवाल्यांचं तर काय, रेकॉर्ड खपतात तोवर 'साहेब, साहेब', नंतर कोण तुम्ही? दादाचं देवाधर्मावरूनही मन उडालं. "मेल्यावर काही नसतं," असं मलाच ठणकावून सांगायचा.

आणि गेल्या महिन्यात कंपनीचा फोन आला. जुनीच गाणी, नवी गायिका, नंतर वर्षभर दौरे. दादाने घोटून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मीही बरोबर स्टुडिओत गेले. म्हटलं, सुटला एकदाचा त्या खोलीतून!

पहिल्याच ओळीला गायिका थांबली. "काका, तुमची गिटार उतरलीय."

दादा ओशाळला. इतकी वर्षं ती तशीच होती. त्याने खुंट्या पिळून तारा चढवल्या आणि अशी काही वाजवली की काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला उठून उभा राहिला. मला रडूच फुटलं.

घरी येऊन मी चहा टाकला. वळून बघते तर हा खुंट्या सैल करतोय.

"अरे, उद्या परत जायचंय ना?"

"नाही जाणार. तसं सांगून आलोय त्यांना."

माझं डोकंच फिरलं. "वेड लागलंय का तुला? इथे भिंतींशी बोलत बसणार? तिथे तारा चढव, घरी आलास की उतरव!"

"आणि मी दौऱ्यावर असताना तो आला तर? त्याला वरचा सूर झेपत नाही गं."

"दादा, तो गेलाय. मेल्यावर काही नसतं, हे तूच सांगतोस ना?"

"नसतंच." त्याने तार छेडून कान लावला. "पण असलं तर? चारचौघांत फजिती होईल बिचाऱ्याची."