आबांच्या कपाळावरची नागीण

बाळंतपणासाठी मी लोणावळ्याजवळच्या औंढ्याला माहेरी आले, त्याच पावसाळ्यात आबांचं कपाळ दुखायला लागलं. आबा म्हणजे माझे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती; शेजारच्या मावशीच्या भरवशावर मी आले होते. भाताची लावणी नुकतीच उरकली होती. दिवसभर चिखलात वाकून, डोक्यावर पाऊस घेऊन सर्दी भरली असेल, असं आम्हाला वाटलं.

"सुया टोचल्यागत व्हतंय गं," आबा म्हणाले आणि उजव्या भुवईवर बाम चोळून पुन्हा बांधावर गेले.

मग फोड आले. कपाळाच्या उजव्या निम्म्या भागावर पाण्याचे बारीक फोड, पार केसांत शिरलेले, आणि मधोमध जणू रेघ मारल्यासारखे थांबलेले. डावी बाजू स्वच्छ. मावशीने बघितलं आणि तोंडावर पदर धरला.

"भाऊ, नागीण हाय ही. दोन्ही तोंडं मिळाली तर मानूस ऱ्हात न्हाई. कुरवंड्याला मंत्रानं उतरवनारा हाय, चला."

आबांनी देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी करून पेन्शन घेतलेली. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून अंगारे-धुपारे गेले होते. आबा म्हणाले, "अक्का, मंत्र नगं. लेप दे. गेरूत काय मंत्र न्हाई."

मावशीने गेरू उगाळून लावला. लाल लेपाखाली काय वाढत होतं ते कुणालाच दिसेना. मी रोज म्हणत होते, आबा, डॉक्टरकडे जाऊ या. ते म्हणत, वाळतंय की. एका सकाळी उजवा डोळा उघडेनाच. नाकाच्या शेंड्यावरही एक फोड होता. मग मात्र ते रिक्षात बसले.

लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी लेप धुवायला लावला. नाकाच्या शेंड्यावरचा फोड बघून त्या गंभीर झाल्या. तिथे फोड आला की डोळ्याला धोका असतो, कारण दोन्हीकडे एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू व्हायला हव्या होत्या, हेही सांगितलं.

"काका, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?"

"व्हय. लय ल्हान व्हतो."

"तोच विषाणू आहे हा. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीरातून जात नाही. त्याचा डीएनए मज्जातंतूच्या मुळाशी, पेशींमध्ये पडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती कमी पडली की तो जागा होतो आणि त्याच तंतूवरून कातडीपर्यंत येतो. म्हणून एकाच बाजूला."

आबांनी विचारलं, "म्हंजी तवाचाच? तोच माझ्यात व्हता?"

"हो, तोच."

डॉक्टरीणबाई माझ्या पोटाकडे बघत होत्या. मला सातवा महिना होता. कांजिण्या झाल्या होत्या का, असं त्यांनी मलाही विचारलं. मला माहीत नव्हतं. आबांनाही आठवेना; आई असती तर तिला ठाऊक असतं. फोडांतल्या पाण्यातून मला कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणात ते आईला आणि बाळालाही वाईट, असं सांगून त्यांनी माझं रक्त तपासायला पाठवलं.

बाहेर पाऊस होता. आबा रिक्षात माझ्या शेजारी बसेनात. पुढे, ड्रायव्हरला चिकटून, अर्धे भिजत बसले. वलवणच्या पुढे आल्यावर मागे न बघता म्हणाले,

"मला धाकली बहीन व्हती. रांगत व्हती. माझ्या कांजिन्या तिला लागल्या. माझ्या सुकल्या. तिची छाती भरली आन् गेली."

मी हे कधीच ऐकलं नव्हतं. कुणी घरात त्या मुलीचा उल्लेखही केला नव्हता.

"आबा, तेव्हा तुम्ही किती लहान होता."

"तू देहूरोडला, तुझ्या घरला जा. आजच."

मी गेले. नवऱ्याच्या दोन खोल्यांत बसून फोनवर त्यांचा आवाज ऐकत राहिले. मावशीला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, म्हणून तीच त्यांना जेवण द्यायची. माझा रिपोर्ट आला: मला कधीतरी कांजिण्या होऊन गेल्या होत्या, कुणाच्या लक्षातही न येता. धोका नव्हता. मी आनंदाने फोन केला. आबा म्हणाले, "बरं झालं. पन हितं येऊ नगं."

गोळ्यांनी फोड वाळले, खपल्या पडल्या. डोळा मात्र वाचला नाही. बुबुळावर पांढरट पडदा आला. पुण्याला दोन ठिकाणी दाखवलं, थेंब टाकले, पण त्या डोळ्याला उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नाही. आणि कळ राहिली. कातडी बरी झाल्यावरही राहते कुणाकुणाची, असं डॉक्टर म्हणाले. पंख्याचं वारं लागलं तरी आबा दात आवळतात. टोपी घालवत नाही, म्हणून उन्हात शेतावर जाणं सुटलं.

मुलगी झाली, तेव्हा ते दवाखान्यात आले आणि दारात उभे राहिले. आता त्यांच्यापासून काही लागत नाही, हे डॉक्टरांनी, नवऱ्याने, मी, सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी मान हलवली, आत आले नाहीत. ती रांगायला लागली तेव्हा मी औंढ्याला गेले, तर ते दिवसभर ओट्यावर, घराकडे पाठ करून बसायचे.

ती सव्वा वर्षाची झाल्यावर तिला कांजिण्यांची लस दिली. त्यानंतर काही दिवसांनी आबा स्वतःहून म्हणाले, "आन तिला."

मी तिला त्यांच्या डाव्या मांडीवर ठेवलं. तिने दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरायला पाहिलं. तिची बोटं उजव्या भुवईला लागली, तसे ते कळवळले. पण तिला खाली ठेवलं नाही. नुसतं तोंड फिरवलं. दिसत्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ते कळीचं होतं की आणखी कशाचं, मी विचारलं नाही.