मशिनी चालू ठेवा, कोचिंग चालू आहे

फौंड्रीत दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक वाळू आणि दुसरी किस्से. कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी पर्सोनेलला होतो. म्हणजे हजेरी, रजा आणि भांडणं. वाळू घरी गेल्यावर अंघोळीत निघून जायची, किस्से अजून निघतायत. त्यातले निम्मे एकाच वर्षातले. मोबाइलला इनकमिंग नुकतं फुकट झालं होतं, आणि धाकट्या मालकांनी आमच्या प्रगतीसाठी पुण्याहून कोच आणला होता!

धाकटे मालक एमबीए करून आलेले. थोरले मालक, म्हणजे आण्णा, सातवी पास आणि एका भट्टीवर कारखाना उभा केलेले. पोराचं सगळं ऐकून घ्यायचे आणि मग कागदात भडंग घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसायचे.

"कोच म्हंजे वस्तादच की!" आण्णांनी बर्वे सरांचं स्वागत केलं.

"थोडा फरक आहे," सर हसून म्हणाले. "वस्ताद डाव शिकवतो. मी काहीच सांगत नाही, फक्त प्रश्न विचारतो. उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं."

आण्णांनी भडंगाचा एक बकाणा भरला. "म्हंजे पेपर बी आमीच सोडवायचा आन् फी बी आमीच भरायची!"

*

पहिला नंबर स्टोअरकीपर पाटलांचा. कोडोलीहून रोज एसटीनं येणारा सरळ माणूस.

"पाटील, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"कोडोलीत."

"तसं नाही. करिअरच्या दृष्टीनं?"

"त्येच सांगतोय की! पाच वर्षांनी मी रिटायर. घरातच बसणार न्हवं?"

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. पाटील बाहेर येऊन मला म्हणाले, "माणूस चांगला हाय. पर त्येला फाइल दाखवली न्हाईस व्हय आमची?"

*

फौंड्रीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. कान अर्धे गेलेले असतात, त्यामुळे गुपितसुद्धा ओरडूनच सांगितलं जातं. ही गोष्ट पुण्याला कळायची राहून गेली होती.

ग्राइंडिंगचा सुपरवायझर बाळू चौगुले कसबा बावड्याचा. त्याला सरांनी शब्द दिला, "इथं बोललेलं या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही." भिंती प्लायवूडच्या होत्या.

"मग सांगतोच!" बाळू गरजला. "माझं खरं दुखणं त्यो पर्चेसचा माने हाय! येडं हाय येडं!"

माने नेमका केबिनबाहेर माझ्या टेबलाशी उभा राहून चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला आणि तिथूनच ओरडला, "भाईर ये की! पावण्यासमोर काय सांगतोयस?"

दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांनी नोटीस लावली. कोचिंगच्या वेळेत केबिनशेजारचे सर्व ग्राइंडर चालू ठेवावेत, काम असो वा नसो. तेव्हापासून नुसत्या आवाजावरून आम्हाला कळायचं, की आत कुणाचा तरी विकास चाललाय.

*

बाळूनं घेतलेलं उद्दिष्ट होतं, रागावर ताबा. राग आला की आधी दहापर्यंत आकडे मोजायचे, असं त्याच्याच तोंडून निघालं. पठ्ठ्यानं ते मनावर घेतलं. फक्त मनात मोजायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"एक! दोन! तीन!" शेडमध्ये आरोळी घुमायची. पूर्वी पोरं शिव्या खाऊन पळायची. आता सातालाच शेड रिकामं व्हायचं. बाळू दहाला पोचेपर्यंत शिव्या द्यायला समोर कुणी उरायचंच नाही.

महिन्याच्या रिपोर्टात सरांनी लिहिलं, "लक्षणीय सुधारणा."

*

खुद्द धाकट्या मालकांना समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय लावून घ्यायची होती. त्यासाठी समोरचा जे बोलेल ते त्याला परत म्हणून दाखवायचं, म्हणजे त्याला वाटतं आपलं कुणीतरी ऐकतंय.

भट्टीवरचा एकजण त्यांच्याकडं गेला. "साहेब, उद्या सुट्टी पायजे."

"तुला उद्या सुट्टी पाहिजे."

"व्हय."

"म्हणजे उद्या तू येणार नाहीस."

"न्हाय."

"बरं वाटलं, तू मोकळेपणानं बोललास."

माणूस माझ्याकडं आला तो खूश होऊन. "मालक बदलल्यात बगा! कारण बी इचारलं न्हाय!" दुसऱ्या दिवशी भट्टीवर माणूस नाही. त्याच्या पुढच्या दिवशी चारजण मालकांशी मोकळेपणानं बोलायला रांगेत.

*

मी या सगळ्याची भरपूर टिंगल केली. मग माझा नंबर लागला. सरांनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" शाळेत, घरात, नोकरीत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. रडायलाच लागलो, खोटं कशाला सांगू? ग्राइंडर चालू होते म्हणून वाचलो.

त्याच भरात घरी गेलो आणि बायकोला विचारलं, "तुला आयुष्यात नक्की काय हवंय?"

तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. "आधी गॅसचा नंबर लावून या. मग सांगते."

*

आता शिवामामा. शिरोळकडचा माणूस, भट्टीचा फोरमन, आण्णांबरोबर सव्वीस वर्षं. लोखंडाचा रस नुसता बघून सांगायचे, माल धड निघणार की नाही. पण या माणसानं जन्मात कधी काही मागितलं नाही. पोरीच्या लग्नाला रजा मीच बळंच भरून दिली. कॅन्टीनच्या आमटीत मीठ नसलं तरी तशीच प्यायचे.

त्या वर्षी प्रॉडक्शन मॅनेजरची नवी जागा निघाली. धाकट्या मालकांना बाहेरचा इंजिनिअर हवा होता. "मामांना ती जागा नकोच आहे," ते म्हणाले. "हवी असती तर बोलले नसते का?" आण्णा भडंग घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले. जाहिरात टाइप होऊन माझ्या टेबलावर आली. शनिवारी पेपरला द्यायची होती.

शुक्रवारी शिवामामांचं शेवटचं सेशन होतं. जाहिरातीचं सगळ्या शेडला माहीत होतं. मामा आत गेले, दार लागलं, आणि बाळू चौगुलेनं हात वर केला. एकेक करत सगळे ग्राइंडर बंद! नोटीस तिथंच भिंतीवर होती. आण्णा माझ्या टेबलाशी भडंग खात होते, ते खातच राहिले.

आतून सरांचा आवाज आला, "मामा, तुम्हाला काय हवंय?"

मग मामांचा भट्टीवरचा आवाज. "ती म्यानेजरची खुर्ची पायजे! सव्वीस वर्सं रस वतलाय मी! आता माज्या डोक्यावर भाईरचा आणून बशिवणार व्हय?"

"हे आण्णांना सांगितलंत कधी?"

"न्हाय."

"का?"

"त्येंनी कधी इचारलंच न्हाय की!"

आण्णांचा भडंगाचा हात तोंडाशीच थांबला. उठले, केबिनचं दार उघडलं आणि म्हणाले, "सर, जरा भाईर थांबा." सर बाहेर येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. आण्णा त्यांच्या खुर्चीत बसले. दार पुन्हा लागलं.

सगळं शेड कान टवकारून उभं. आणि जन्मभर ओरडत आलेली ती दोन माणसं आत अर्धा तास इतकं हळू बोलली, की एक शब्द कळला नाही! बाळूनं प्लायवूडला कान लावला आणि हात हलवला. "काय बी ऐकू येत न्हाय."

शेवटी दार उघडलं. आण्णांचे डोळे लाल होते. त्यांनी माझ्या टेबलावरची टाइप केलेली जाहिरात उचलली, समोर पसरली, आपल्या कागदातलं उरलेलं सगळं भडंग तिच्यावर ओतलं आणि शिवामामांपुढं सरकवली.

"घे, शिवा."

मामांनी कागदाकडं बघितलं. भडंगाकडं बघितलं. मग आण्णांकडं.

"आण्णा, कांदा न्हाय व्हय?"